२५ जूनचा फळा: दिनविशेष लिहिताना तारीख कुणाची धरायची?

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता आणि परिपाठातल्या दिनविशेषाची जबाबदारी यंदा तुमच्याकडे आली आहे. २५ जूनसाठी मोबाइलवर शोधलंत तर चाळीसेक नोंदी हाती लागल्या. त्यांत आणीबाणी कुठे २५ जूनला, तर कुठे २६ जूनला. भारताचा पहिला कसोटी सामना आणि पहिला विश्वचषक विजय एकाच तारखेला, एकाच मैदानावर असं वाचून तुम्हाला शंका आली की हे कुणी जुळवून तर आणलेलं नाही ना. आणि हातात वेळ दोन मिनिटं, फळा एक. काय घ्यायचं, काय सोडायचं?

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर सत्तावीस वर्षं काढली. त्यातली अकरा वर्षं दिनविशेषाची चौकट माझ्याकडे होती. चौकट एवढीशी, पण चुकली की सर्वांत जास्त फोन तिच्यापायीच यायचे. एकदा एका हयात गायकाचं नाव माझ्या हातून स्मृतिदिनाखाली गेलं. माझ्याआधीच्या सहकाऱ्याच्या वहीत एकाच नावाच्या दोन माणसांची नोंद होती आणि मी न तपासता उतरवून घेतली. सकाळी साडेसातला त्यांच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नाही. ‘बाबा चहा घेतायत, तुम्हाला कळवायला सांगितलंय,’ एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून वहीतली प्रत्येक नोंद मी संशयानेच वाचायला लागले.

म्हणजे तुमची खरी अडचण चाळीस नोंदींची नाहीच. मुलांसमोर उभं राहून ‘आज हे घडलं’ असं कशाच्या जोरावर म्हणायचं, ही आहे. दिनविशेषाची प्रत्येक ओळ हा एक दावा असतो. तिच्यामागे कुणाचं तरी घड्याळ, कुणाचं तरी पंचांग आणि कुठला तरी कागद असतो. हे तिन्ही विचारलं की निम्म्या नोंदी आपोआप गळतात.

आणीबाणीपासून सुरू करू, कारण तिथे दोन्ही तारखा आपापल्या परीने बरोबर आहेत. २५ जून १९७५ हा बुधवार होता. संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली. रात्री उशिरा, बारा वाजायच्या आत, राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या कलम ३५२ खालच्या घोषणेवर सही केली. त्याच रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. पहाटे अटकसत्र सुरू झालं, जयप्रकाशजींनाही तेव्हाच धरलं. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती २६ तारखेच्या सकाळी, म्हणजे सहीनंतर मंजुरी. आणि देशाला ही बातमी कळली ती इंदिरा गांधींच्या आकाशवाणीवरच्या भाषणातून, तीही २६ च्याच सकाळी.

आता सांगा, आणीबाणी कधी ‘लागली’? सहीची तारीख धरलीत तर २५. लोकांच्या आठवणीतली धरलीत तर २६, कारण त्यांच्यासाठी ती रेडिओवरच सुरू झाली. डेस्कवर आम्ही यातून मार्ग काढायचो तो क्रियापदाने. ‘आणीबाणी लागू झाली’ असं मोघम न लिहिता ‘२५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली’ असं लिहिलं की वाद उरत नाही. तारखेबद्दल शंका आली की आधी क्रियापद बघा. सही झाली, जाहीर झालं, छापून आलं, अमलात आलं, हे चार वेगवेगळे दिवस असू शकतात. शिवाय व्यवहाराचं एक कारण. आपल्याकडे २६ जूनचा फळा तसाही भरलेला असतो. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजे राज्याचा सामाजिक न्याय दिन त्या दिवशी असतो, आणि १८८८ सालचा बालगंधर्वांचा जन्मही २६ जूनचाच.

घड्याळाचा हा घोळ याच तारखेला आणखी दोनदा सापडतो. कोरियाचं युद्ध २५ जून १९५० च्या पहाटे सुरू झालं, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये अजून २४ तारखेची दुपार होती. मायकेल जॅक्सन लॉस एंजेलिसमध्ये २५ जून २००९ ला दुपारी अडीचच्या सुमारास गेला. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेचे पहाटेचे तीन वाजत आले होते. त्या रात्री आमची शहर आवृत्तीसुद्धा छपाईला गेली होती. पुढे एका वाचकाने पत्र पाठवलं की त्याने स्वतः ही बातमी २६ ला सकाळी ऐकली, मग तुम्ही २५ कसं छापता? रीत अशी आहे की घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची. ऐकणाऱ्याची तारीख त्याच्या डायरीत शोभते, चौकटीत नाही.

घड्याळाने चूक झाली तर फार तर एका दिवसाची. पंचांगाने दहा दिवस इकडेतिकडे होतात, आणि हे तुम्हाला २५ जूनला नाही तरी फेब्रुवारीत नक्की भेटेल. शिवजन्माची शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३०. तिच्यामागची तिथी आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, आणि ती जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत मिळते. पण १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय गणतीची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणतीने तोच दिवस १ मार्च येतो. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच, कारण गणती बदलली तरी वारांची साखळी तुटत नाही. जुनी तारीख तपासताना म्हणूनच मी आधी वार बघायचे.

राज्याभिषेकाचंही तसंच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. रायगडावर हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हजर होता. त्याच्या गणतीने तो दिवस ६ जून १६७४. पण त्या वेळी गोव्यातल्या पोर्तुगिजांनी ग्रेगोरियन गणती घेऊन नव्वद वर्षं होऊन गेली होती. इंग्लंडने ती स्वीकारली थेट १७५२ मध्ये. म्हणजे मुंबईच्या इंग्रजाने त्या दिवशी पत्र लिहिलं तर वर ६ जून आणि पणजीच्या पोर्तुगिजाने लिहिलं तर १६ जून. गडावर आजही तारखेचा सोहळा वेगळा, तिथीचा वेगळा. यावर मुलांसमोर वाद घालू नका. ‘दिवस एक, मोजण्याच्या रीती तीन’ एवढं सांगितलंत की सातवीतला पोरगाही समजतो. ‘खरी तारीख कुठली’ म्हणून जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी मोजपट्टीची असतात. सगळी नव्हेत. १६३० की १६२७ हा शिवजन्माचा जुना वाद मोजपट्टीचा नव्हता, तो साधनांचा होता. तिथे कागदच बोलतो.

आता लॉर्ड्स, म्हणजे लंडनमधलं ते क्रिकेटचं मैदान. तुमची शंका रास्त आहे, पण दोन्ही घटना खऱ्या आहेत. मला हा दिवस विशेष आवडतो, तेव्हा इथे थोडी रेंगाळते.

२५ जून १९३२, शनिवार. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना सुरू झाला, इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन, आपला सी. के. नायडू. सुरुवातीलाच मोहम्मद निसारने होम्स आणि सटक्लिफ ही सलामीची जोडी त्रिफळाचीत केली आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. निसारने त्या डावात ९३ धावांत ५ बळी घेतले. शेवटी आपण १५८ धावांनी हरलो. भारतातर्फे कसोटीतला पहिला चेंडू कुणी खेळला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. यष्टिरक्षक आणि सलामीचे फलंदाज जनार्दन नवले, जन्म फुलगावचा. मराठी शाळेच्या फळ्यावर हे नाव कधी लिहिलेलं दिसत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नोंद करताना इथेही क्रियापद सांभाळा. सामना २५ ला ‘सुरू झाला’. तो तीन दिवसांचा होता, २५, २७ आणि २८ जून. मधला २६ रविवार, म्हणजे विश्रांतीचा दिवस. ‘२५ जूनला भारत पहिली कसोटी हरला’ असं एका संग्रहात छापलेलं मी पाहिलं आहे. हरलो ते २८ ला.

मग २५ जून १९८३. साठ षटकांचा अंतिम सामना, आपला डाव ५४.४ षटकांत १८३ वर आटोपला. सर्वाधिक धावा श्रीकांतच्या, ३८. मुंबईच्या संदीप पाटीलच्या २७. गावसकर २ वर गेला. वेस्ट इंडिजचा ग्रिनिज १ धाव करून बलविंदरसिंग संधूच्या आत आलेल्या चेंडूवर बॅट उचलून उभा राहिला आणि यष्टी गेली. रिचर्ड्स ३३ वर असताना मदनलालच्या गोलंदाजीवर कपिलने मागे पळत जाऊन झेल घेतला. सगळे १४० वर बाद, आपण ४३ धावांनी जिंकलो. मोहिंदर अमरनाथने २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी अशी कामगिरी करून सामनावीराचा मान मिळवला. वेंगसरकर आणि शास्त्री संघात होते, पण अंतिम सामन्यात खेळले नाहीत. ‘विश्वविजेत्या संघातले’ आणि ‘अंतिम सामना खेळलेले’ यांत गल्लत करू नका. ती गल्लत केली की फोन येतोच.

आता योगायोगाचं. मैदान एक, तारीख एक, मध्ये ५१ वर्षं. ऐकायला अद्भुत. पण जरा हिशेब मांडू. इंग्लंडचा क्रिकेटचा हंगाम उन्हाळ्यातला आणि लॉर्ड्सचे मोठे सामने बहुधा जूनच्या उत्तरार्धात. पहिले तिन्ही विश्वचषक इंग्लंडमध्येच झाले आणि तिन्ही अंतिम सामने लॉर्ड्सवर: १९७५ चा २१ जूनला, १९७९ चा २३ जूनला, १९८३ चा २५ जूनला. तिन्ही शनिवारी, लोकांना सुटी असते म्हणून. १९३२ ची कसोटीही शनिवारीच सुरू झाली. म्हणजे जूनच्या शेवटच्या दहाबारा दिवसांतला शनिवार हा त्या मैदानाचा ठरलेलाच मुहूर्त. १९३२ आणि १९८३ या दोन्ही वर्षी २५ तारखेला शनिवार आला, एवढाच काय तो योग. नियती वगैरे कुणी नाही, वेळापत्रक करणारा कारकून आहे. हे सांगितलं तर गंमत कमी होईल अशी भीती वाटत असेल, तर माझा अनुभव उलटा आहे. मुलांना हा हिशेबच जास्त आवडतो.

आणखी एक पाहा. लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी विजय १९८६ चा, १० जूनचा. नवल्यांच्या त्या पहिल्या चेंडूशी खरं नातं या विजयाचं आहे, विश्वचषकाचं तितकं नाही. पण तारीख जुळत नाही, म्हणून तो २५ जूनच्या यादीत कधीच येत नाही. दिनविशेषाची ही मर्यादा ओळखून असावं. जे तारखेने शेजारी येतं ते अर्थानेही शेजारी असेलच असं नाही.

यावरूनच निवडीकडे येते. चाळीस नोंदींमधून काय घ्यायचं, हे तुमच्या शाळेवर अवलंबून आहे. पहिली-दुसरीला कलम ३५२ सांगण्यात अर्थ नाही, आठवीला नागरिकशास्त्र शिकवणारे असाल तर दोन्ही मिनिटं त्यालाच द्या. माझा नियम असा होता: एक नोंद सविस्तर, दोन ओझरत्या, बाकीच्या वहीत. ओझरत्यांसाठी त्या दिवशी भरपूर माल आहे. विश्वनाथ प्रताप सिंह (१९३१), देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी (१९०८), बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल (१९०३), बगदादमध्ये जन्मलेले संगीतकार मदन मोहन (१९२४), सगळे २५ जूनचे. १९७८ मध्ये अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असं हरवून फुटबॉलचा विश्वचषक घेतला तोही याच तारखेचा. आणि एक गंभीर नोंद पुण्याची आहे. २५ जून १९३४ ला अस्पृश्यतेविरुद्धच्या हरिजन दौऱ्यावर असलेले गांधीजी पुणे नगरपालिकेच्या मानपत्राच्या समारंभाला निघाले होते. त्यांची मोटार समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब फेकला गेला. ते बचावले, काही जण जखमी झाले. महाराष्ट्रातल्या शाळेने ही नोंद गाळू नये असं मला वाटतं. पाठ्यपुस्तकात ती सहसा नसते.

सूर सांभाळा. आणीबाणी, सिनेतारकेचा वाढदिवस आणि विश्वचषक एकाखाली एक, एकाच रंगाच्या खडूने लिहिले की तिन्ही सारखेच वाटतात. मी गंभीर नोंद वेगळी ठेवायचे, मध्ये एक रेघ. २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळावा असं केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. ते लिहायचं असेल तर कुणी आणि कधी जाहीर केलं तेही लिहा. शिक्षकाचं मत आणि शासनाची घोषणा यांतला फरक मुलांना दिसला पाहिजे.

शब्दांचं थोडं. हयात माणसाचा वाढदिवस, दिवंगताची जयंती. पुण्यतिथी हा शब्द मुळात तिथीचा. इंग्रजी तारखेने लिहीत असाल तर स्मृतिदिन नेमका. आणि वर्षं मोजताना ‘पूर्ण’ की ‘सुरू’ हे बघा. आणीबाणीला २५ जून २०२५ रोजी ५० वर्षं पूर्ण झाली, पण पन्नासावं वर्ष त्याआधी वर्षभर चालू होतं. या एका वर्षाच्या चुकीपायी आमच्याकडे एक अख्खी पुरवणी वर्षभर आधी निघायची ती थोडक्यात थांबली.

खातरजमा कशी करायची? घटनेला जवळचा कागद शोधा. क्रिकेटसाठी धावफलक, शासकीय गोष्टीसाठी राजपत्र, बाकी कशासाठी दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. मात्र वर्तमानपत्रावरची तारीख छपाईची असते, घटनेची बहुधा आदल्या दिवसाची. कितीतरी चुकीच्या नोंदी इथूनच जन्मतात. आणि पाच संकेतस्थळांवर एकच तारीख दिसली म्हणून पाच साक्षीदार मिळाले असं समजू नका. वाक्य शब्दशः तेच असेल, शुद्धलेखनाची चूकही तीच असेल, तर साक्षीदार एकच आणि बाकी चार नक्कलकार. दहा मिनिटांत खात्री पटली नाही तर ती नोंद मी सोडून द्यायचे. न छापलेल्या नोंदीबद्दल मला कधी फोन आला नाही.

तुमच्या जागी मी असते तर फळ्यावर असं लिहिलं असतं:

‘१९३२: लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू. पहिला चेंडू खेळले जनार्दन नवले.
१९८३: त्याच मैदानावर भारताने पहिला विश्वचषक जिंकला.’
मग रेघ, आणि रेघेखाली:
‘१९७५: रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही. देशाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी.’

राहिला तुमचा शेवटचा, जाता जाता विचारलेला प्रश्न: वर्गात दोन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी निघाला, तो फळ्यावर घ्यावा का? जरूर घ्या. त्यात नवल मात्र नाही. गणिताने तेवीस जण एकत्र आले की दोघांचा वाढदिवस जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, सत्तावन्न जणांत ती ९९ टक्क्यांवर जाते. आणि हे गणित कुठे कोलमडतं ते बघायचं असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पानं उघडा. १ जून, १ जून, पुन्हा १ जून. घरी जन्मतारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी वय बसेल असं साल आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मुलांना सांगा, घरी जाऊन आजी-आजोबांच्या आधार कार्डावरची तारीख बघून या, आणि मग त्यांना विचारा की जन्म नक्की कधीचा. कुणी म्हणेल पोळ्याच्या आदल्या दिवशी, कुणी म्हणेल मोठा पूर आला त्या साली. उत्तरं वहीत उतरवून ठेवा.